ऊन पाण्याची बोरिंग

मी ऊन पाण्याचा झरा बोलतोय, आणि बोलतोय तो दोनशे दहा फूट खालून. ऐकू येईल की नाही, ठाऊक नाही. रोज घागरी भरभरून वर येतो, तरी माझं कुणी ऐकलं नाही, त्यामुळे आता ऐकाल अशी फार आशा धरून मी बसलेलो नाही. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी ऊन आहे, पण उकळलेला नाही. खाली आग नाही, भट्टी नाही. जमीन खोलवर आपली ऊब धरून असते, आणि वर्षानुवर्षं तिथे पडून राहिलं की पाण्यालाही ती लागते, एवढंच. बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघतात ना, तेवढा मी ऊन. उकळणं निराळं, ते चुलीवर होतं. हा फरक एका घराला कळला नाही, त्याची ही हकीकत आहे.

माझा जन्म कधीचा, ते सांगता येणार नाही. कुठल्यातरी जुन्या पावसाचं पाणी काळ्या फत्तराच्या फटींतून उतरत उतरत खाली आलं आणि अंधारात साचलं, तो मी. वर, तिगाव स्टेशनापासून दीड कोस आत, साठ घरांचं एक गाव होतं. त्याचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं होणार आहे? मुलूख कोरडा. शेतात पऱ्हाटी आणि तूर, पाच-सात जणांच्या संत्र्याच्या बागा, आणि होळी झाली की तळ दाखवणाऱ्या दोन विहिरी. उन्हाळ्यात बायका नाल्याच्या रेतीत झिरे खणायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या.

त्र्याऐंशी सालच्या वैशाखात बोअरची सरकारी गाडी गावात आली. ती यावी म्हणून पुंडलिकराव नावाच्या शेतकऱ्याने दोन वर्षं अर्ज करून करून चपला झिजवल्या होत्या. दिवसभर पोलादी दांडा माझ्या डोक्यावरचा फत्तर कुटत होता. दुपार कलली तेव्हा तो माझ्यापर्यंत पोचला आणि मी पहिल्यांदा उजेडात उडालो. आधी राखाडी चिखल, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पोरं नाचायला लागली. पुंडलिकरावांनी मानाने पुढे होऊन ओंजळ धरली आणि चटकन सोडून दिली.

"अबे, हे तं ऊन हाय," ते म्हणाले.

सगळं गाव दोन पावलं मागे सरकलं. कुणाला वाटलं खाली आग लागली असेल, कुणाला देवीचा कोप वाटला. गाडीवाला दिवसभराच्या कामाने वैतागलेला होता. खोलातलं पाणी कधीकधी असंच निघतं, खुशाल प्या, असं म्हणून तो निघूनही गेला. मग गर्दीतून पुढे आली ती पुंडलिकरावांची बायको देवकाबाई. बुटकी, कणखर आणि तोंडाने फटकळ. तिने दोन घोट पिऊन बघितले, पदराने तोंड पुसलं आणि बायकांकडे वळून म्हणाली, "भलं झालं बाप्पा. आता आंघोळीले पऱ्हाट्या जाळा लागणार नाई."

त्या एका वाक्याने मी गावाचा झालो. तुम्हाला त्याची किंमत कळायची असेल, तर कापूस वेचून झाल्यावर उभ्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटा, त्यांचा भारा बांधा आणि डोक्यावर घेऊन भर उन्हात कोसभर चाला. देवकाबाईने हे तीस वर्षं केलं होतं. तिच्या टाळूवरचे केस भाऱ्यांनी विरळ झाले होते.

माझ्यावर लोखंडी हापसा बसला, भोवती सिमेंटचा ओटा झाला, सांडलेलं पाणी दूर नेणारी नाली झाली. गाव मला बोरिंग म्हणू लागलं. थंडीच्या दिवसांत तर माझी चैन होती. सकाळी माझ्यातून वाफ निघायची आणि आंघोळीला रांग लागायची. गुडघे धरलेली म्हातारी माणसं माझ्याखाली पाय सोडून बसायची, आणि एकदा बसली की उठायचं नाव नाही. घरी सुनांना पाटा-वरवंटा उचलायला लावणारे हे बुवा माझ्याजवळ मात्र भलते गोड बोलायचे.

त्यांच्यासाठीच पुंडलिकरावांनी पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर ते टाकं बांधलं. विटा त्यांच्या, सिमेंट त्यांचं, मजुरी त्यांची. हापशाला अगदी लागून, चार माणसं गळ्यापर्यंत बसतील एवढं. भिंत नीट धरावी म्हणून त्यांनी ओट्याची कड छिन्नीने फोडली आणि नाली बुजवली. हेतूत काही खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. सगळ्या गावाने त्यांचं कौतुक केलं. मग त्या टाक्यात म्हातारे बसले, म्हाताऱ्यांमागून पोरं उतरली, कपडे आले आणि उन्हाळ्यात बैलही धुऊन झाले. कड फोडली तिथे ओट्याला एक चीर गेली होती. ती माझ्या पाइपाच्या कडेने सरळ खाली उतरत होती. ती फक्त मला दिसत होती.

आता मंगलाची गोष्ट. ही देवकाबाईची एकुलती एक मुलगी, लोधीखेड्याला दिलेली. नवरा विजय कचेरीत कारकून आणि सासरे केशवराव शाळामास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. लग्नाला सात वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, आणि सासूबाईंनी दुसऱ्या मुलीची चौकशी हळू आवाजात सुरू केली होती. शहाऐंशीच्या संक्रांतीला कळलं की मंगलाला दिवस गेले. केशवराव म्हणाले, बाळंतपण लोधीखेड्यालाच करू, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. देवकाबाई त्यांच्या ओसरीवर ठाण मांडून बसली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत, आणि तिच्याजवळ दुसऱ्या कुणाजवळ नव्हतं ते होतं.

"इवाई, आमच्या इथं जमिनीतूनच ऊन पाणी येते," ती व्याह्यांना म्हणाली. "बाळंतिणीले अन् लेकराले चोवीस तास ऊन पाणी. मी शब्द देतो, दोघायले काई होऊ देणार नाई."

केशवरावांनी बराच वेळ विचार केला आणि होकार दिला.

मृगाच्या सुमारास तिगावहून उर्मिला नर्सबाई आल्या. चिखल तुडवत आल्या होत्या, चप्पल हातात होती. दर वर्षीप्रमाणे त्यांनी बोरिंगवरच्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं की पावसाळ्यात पाणी उकळून प्या, लहान लेकरांना तर उकळल्याशिवाय देऊच नका.

"बाई, आमचं पाणी तं जमिनीतूनच उकळून येते," देवकाबाई म्हणाली. "दोनदा कायले उकळाचं?"

बायका हसल्या. उर्मिलाबाईंनी धारेखाली हात धरला, त्यांच्या गारठलेल्या बोटांना बरं वाटलं, आणि त्याही हसल्या. पुढे दोन गावं करायची होती. त्यांनी वाद घातला नाही. हात पुसले आणि निघून गेल्या.

आषाढात मंगलाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिचं नाव स्मिता ठेवलं. सात वर्षांनी पाळणा हलला म्हणून लोधीखेड्याहून दोन पराती लाडू आले. मी त्या घरात घागरीतून जात होतो, तिथून तपेलीत, तपेलीतून मंगलाच्या पेल्यात. देवकाबाई नातीला पायांवर पालथी घेऊन माझ्याने न्हाऊ घालायची. मग सहाणेवर माझे चार थेंब टाकून मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड उगाळायची आणि ती घुटी बोंडल्याने स्मिताच्या तोंडात सोडायची. मंगलाच्या वेळी घुटीचं पाणी तिने वीस मिनिटं उकळलं होतं. मी ऐकलंय, ती स्वतःच सांगायची. आता गरज उरली नाही म्हणून ती खूश होती. मीही खूश होतो, ते कशाला लपवू?

श्रावणात झड लागली. आठ दिवस पाऊस थांबला नाही. टाकं काठोकाठ भरलं, गोठ्यांचं शेण वाहून त्यात आलं, कुणाकुणाच्या आडोशामागची घाण वाहून त्यात आली. नाली बुजलेली, पाण्याला जायला वाट नाही. मग ते चिरेतून खाली आलं. गार, घाण काहीतरी माझ्या अंगात मिसळताना मला कळलं आणि मी घाबरलो. मला ओरडता येत नाही. माझ्याकडे फक्त ऊब होती, ती त्या गार पाण्याने कमी झाली.

देवकाबाईच्या ते लक्षात आलं. घागरीत हात घालून ती म्हणाली, "आज पाणी जरासं गारच लागून राहिलं." मग आभाळाकडे बघून तिनेच उत्तर दिलं, "पावसाचे दिवस हाय." आणि घागर डोक्यावर घेतली. इतकं जवळ येऊन ती परत गेली.

आधी दोन म्हाताऱ्यांना जुलाब झाले. पावसाळ्यातली नवी भाजी बाधली, असं गाव म्हणालं. मग स्मिताला लागले. सकाळपासून आठ-नऊ वेळा दुपटी बदलली, दुपारी ओकारी सुरू झाली. शेजारची वत्सला बघायला आली. अनुभवी बाई, तिने सहा लेकरं वाढवली होती. तिने मंगलाकडे एकदा बघितलं आणि निदान केलं.

"आईचं दूध लागलं लेकराले. दूध बंद करा."

मंगला म्हणाली, "माय, तिले भूक लागून राहिली. घेऊ दे ना मले."

"दोन दिवस दम धर," देवकाबाई म्हणाली. "पोट साफ होऊ दे तिचं."

दूध बंद झालं. त्याच्या जागी मी आलो. साखरेची चिमूट घालून, चमच्याचमच्याने, दर घटकेला. देवकाबाईने रात्रंदिवस हात थांबवला नाही. मंगला भिंतीकडे तोंड करून बसली होती, दुधाने चोळी भिजून गेली होती. त्या घरात लेकराच्या पोटात जाण्याजोगी स्वच्छ गोष्ट एकच होती आणि ती वाया जात होती. घाण पाणी मात्र चमच्यात होतं आणि ते मी होतो. मला अजून त्या चमच्याचा आकार आठवतो.

तिसऱ्या दिवशी स्मिताचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडणंही बंद झालं. पुंडलिकरावांनी बैलगाडी जुंपली. नाल्याला पूर होता, तो उतरेपर्यंत दुपार झाली. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. वाटेत लागेल म्हणून देवकाबाईने माझा एक तांब्या भरून बरोबर घेतला होता. तिगावच्या रेल्वे फाटकाजवळ मंगलाने दुपटं बाजूला केलं, लेकराच्या नाकाशी बोट धरलं आणि दुपटं परत तिच्या तोंडावर ओढलं. गाडी तिथूनच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी उर्मिलाबाई आल्या. कुणाला काही न विचारता त्या आधी माझ्याजवळ आल्या. टाकं बघितलं, गुडघ्यावर बसून ओट्याची कड बघितली. चिरेत पाणी भोवरा घेत उतरत होतं. त्यांनी पुंडलिकरावांना बोलावून ते दाखवलं. पुंडलिकराव बघत राहिले आणि मग मान फिरवून शेताकडे निघून गेले. मग उर्मिलाबाईंनी देवकाबाईला बोलावलं.

"देवकाबाई, हे वरचं घाण पाणी खाली जाऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "ऊन असलं म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत. उकळलं तरच मरतात. मी त्या दिवशी नीट सांगायला पायजे होतं. मी पण हसले."

"म्हणजे दूध नाई?" देवकाबाईने विचारलं.

"दूध नाही."

"चमचा मीच देऊन राहिली होती, बाई."

उर्मिलाबाईंनी तिचा हात धरला. देवकाबाईने तो सोडवून घेतला आणि घरी गेली.

पण गावाला दुधाचीच गोष्ट सोयीची होती. बोरिंगला दोष दिला तर परत नाल्यातले झिरे आले, परत भारे आले. टाक्याला दोष दिला तर पुंडलिकराव आले. दूध मंगलाचं होतं आणि मंगला दुसऱ्या गावची झाली होती. चार दिवसांत हे बोलणं लोधीखेड्याला पोचलं. जिचं दूध लेकराला लागतं, ती बाई परत घरात कशी घ्यायची, असं तिकडे सासूबाई म्हणाल्या. केशवराव आणि विजय पाचव्या दिवशी येणार असल्याचा निरोप आला.

त्या सकाळी पुंडलिकराव चुलीजवळ येऊन उभे राहिले. "ते आले का तू काई बोलू नोको," ते बायकोला म्हणाले. "टाक्याचं नाव काढू नोको. गावाले काय तोंड दाखवू मी?"

देवकाबाई चुलीत पऱ्हाट्या सारत होती. अख्खा भारा तिने आणून ठेवला होता. वर पातेल्यात मी होतो. आधी बुडाशी चटके बसले, मग सगळं अंग ढवळून निघालं, वर-खाली, वर-खाली, आणि अंगात जे जे घाण शिरलं होतं ते मरून गेलं. नुसतं पिण्यासाठी म्हणून मी पहिल्यांदाच असा उकळलो. ती पातेल्यासमोरून हलली नाही. मोठ्या उकळ्या आल्या तरी जाळ घालतच राहिली.

दुपारी पाहुणे आले. आल्यागेल्याला आधी पाणी, म्हणून तिने निवलेलं पाणी पेल्यांत भरून त्यांच्यासमोर ठेवलं. केशवरावांनी पेला उचलला. पुंडलिकराव खाली बघत म्हणाले, "नशीब म्हणा, इवाई. पोरीचं दूध लागलं."

"दूध चांगलं होतं," देवकाबाई दारातून म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने पदर डोक्यावर ओढला आणि न थांबता सांगितलं. "पोरीचं दूध मी बंद केलं. ती नाई म्हणत होती. पाणी मी पाजलं, बोरिंगचं, न उकळता. नर्सबाईनं आधी सांगितलं होतं, मी थट्टा केली. घुटी बी त्याच पाण्यात उगाळली. माह्या हातानं झालं. मंगलाचा काई दोष नाई, तिले नांदवा."

केशवरावांनी ओठांपर्यंत नेलेला पेला खाली ठेवला. विजयने आपला हातातही घेतला नव्हता.

"तुम्ही शब्द दिला होता," केशवराव म्हणाले.

"देला होता."

"सुनेले आम्ही घेऊन जातो. तिचा दोष नाई, हे कळलं. पण ती आता या गावात पाय ठेवणार नाई. दिवाळीले नाई, पोळ्याले नाई, कोणाच्या लग्नाकार्याले नाई. कबूल हाय काय?"

देवकाबाई म्हणाली, "कबूल हाय."

मंगला आपली पेटी घेऊन बाहेर आली. छातीला तिने फडकं करकचून बांधलेलं होतं आणि तरी ते ओलं होतं. पाच दिवसांत ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. देवकाबाईने नवा पेला भरून तिच्यापुढे धरला.

"पाणी पिऊन जाय, माय."

मंगलाने पेला घेतला. आत बघितलं. "उकळलं काय?"

"हो. लई वेळ उकळलं."

मंगला पेल्याकडे बघत राहिली. "आता उकळलं," ती म्हणाली. तिने पेला उंबऱ्यावर ठेवला, पेटी उचलली आणि नवऱ्याच्या मागे चालू लागली. त्या पेल्यात मी होतो, इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो, आणि मला कुणी प्यायलं नाही.

याला आता तीन वर्षं झाली. उर्मिलाबाईंनी खटपट करून ते टाकं फोडून घेतलं, ओटा नवा झाला, माझ्यात जंतू मारणारी पांढरी पूड टाकली. गाव परत माझ्यावर येतं. थंडीत आंघोळी होतात, म्हातारे पाय सोडून बसतात. दूधच लागलं होतं, असं अजून निम्मं गाव म्हणतं. पुंडलिकराव मात्र माझ्या बाजूला फिरकत नाहीत. लोधीखेड्याहून कधी कुणी आलं नाही, मंगलाचं काय चाललंय ते मला माहीत नाही.

देवकाबाई रोज येते. एक घागर भरते, कुणाशी बोलत नाही. पाणी चुलीवर ठेवते आणि त्यासाठी साठी उलटल्यावरही डोक्यावरून पऱ्हाट्या आणते. म्हातारी ऊन पाणी तापवते, असं म्हणून पोरी तिला हसतात. त्यांतल्या दोघी-तिघींची लेकरं अजून पाळण्यात आहेत.

तुम्हाला माझी विनवणी एवढीच आहे. माझ्यावर या, मला न्या, मी कधी आटणार नाही. पण माझ्या उबेवर विसंबू नका, ती खालच्या जमिनीची आहे, तुमच्या चुलीची नाही. आणि लेकरू आजारी पडलं तर त्याचं दूध तोडू नका. तुमची घागर भरली असेल. जा आता, आणि आधी चूल पेटवा.